दिल्लीची गाडी इथं थांबत नाही

आमच्या शाळेच्या पाठीमागं दोन शेतं ओलांडली की रेल्वेचा रूळ लागतो. सकाळी प्रार्थना होते, मुलं वर्गात बसतात, मी हजेरीपट उघडते आणि तेवढ्यात लांबून भोंगा ऐकू येतो. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस! ती दिल्लीवरून जाते, म्हणून आमच्या मुलांनी तिचं नावच ठेवलंय 'दिल्लीची गाडी'. भोंगा वाजला की पुढची दोन मिनिटं वर्ग माझा राहत नाही. सगळी पोरं खिडकीला लटकतात आणि डबे मोजतात. कुणाचे बावीस भरतात, कुणाचे चोवीस. मग त्यावरून भांडण! ते मिटवून मी पुन्हा हजेरी घ्यायला लागते.

रात्री जेवणाच्या सुमाराला मुंबईची देवगिरी एक्स्प्रेस जाते. ती मुलं आपापल्या घरून ऐकतात.

परभणी जिल्ह्यातलं आमचं गाव लहान, स्टेशन त्याहून लहान. तिथं फक्त पॅसेंजर थांबते. दिल्लीची आणि मुंबईची गाडी आम्हाला रोज दिसते, रोज ऐकू येते, पण इथं थांबत नाही.

तर बालमित्रांनो, या पानावर तुम्ही वेगवेगळ्या शहरांची माहिती नेहमीच वाचता. आज मी तुम्हाला न पाहिलेल्या शहरांची गोष्ट सांगणार आहे. आणि ती सांगायची तर आधी मलाच एक कबुली द्यायला हवी. मी दिल्ली पाहिलेली नाही. कोलकाता नाही, चेन्नई नाही, बंगळुरू नाही. अहो, मुंबईसुद्धा नाही! वय वर्षं छत्तीस, शिक्षण डी.एड., नोकरी प्राथमिक शिक्षिकेची. दर वर्षी भिंतीवर नकाशा टांगायचा, पट्टी टेकवायची आणि म्हणायचं, "ही बघा आपल्या देशाची राजधानी." पट्टी पोचते तिथं मी पोचलेली नाही.

पुण्याला मी एकदा गेले होते, दोन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी. एसटी स्टँड, रिक्षा, प्रशिक्षणाचा हॉल, रिक्षा, एसटी स्टँड. याला पुणं पाहिलं म्हणायचं का? आमच्या सासूबाई म्हणतात, म्हणायचं. मला तसं वाटत नाही.

गंमत अशी, की मी जागची हलले नाही आणि शहरांची नावं मात्र बदलत गेली. मी चौथीत होते तेव्हा पुस्तकात 'कलकत्ता' होतं. २००१ साली त्याचं कोलकाता झालं. मोठी माणसं मद्रास म्हणायची, ते १९९६ मध्ये चेन्नई झालं. मुंबई आपल्या मराठीत मुंबईच होती, पण इंग्रजीतलं बॉम्बे १९९५ मध्ये गेलं. न पाहिलेल्या गावांची दोन-दोन नावं पाठ करायची म्हणजे काय त्रास असतो, ते आमच्या पिढीला विचारा!

आता तुम्ही म्हणाल, बाई, एवढी हौस आहे तर गेला का नाहीत? खरं सांगू? खेड्यात शहराला 'बघायला' म्हणून कुणी जात नाही. काम निघालं तर जातात. दवाखाना, कोर्ट, नोकरीची मुलाखत, नाहीतर मग देवदर्शन. मी लहानपणी वडिलांच्या मागं लागले की ते एकच विचारायचे, "तिथं आपलं कोण हाय?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नसायचं. उतरायचं कुठं, जेवायचं कुणाकडं, चुकलो तर हाक कुणाला मारायची? ज्या शहरात आपलं कुणी नाही ते शहर आपल्याला दारच नसल्यासारखं. नंतर लग्न झालं, मुलं झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत कधी शेतीचं काम, कधी घरात लग्नकार्य, कधी जनगणनेसारखी सरकारी कामं. "जाऊ की पुढच्या वर्षी." असं म्हणत म्हणत छत्तीस वर्षं गेली.

आमचे आजोबा मात्र मोठ्या शहरात जाऊन आले होते. पण ते शहर मुंबई नव्हतं, हैदराबाद होतं. कारण आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला तो मुक्त झाला, १९५६ मध्ये मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. म्हणजे मुंबई ही आमची राजधानी झाली ती आजोबांचं अर्धं आयुष्य गेल्यावर! शहर म्हणलं की त्यांच्या डोळ्यांपुढं चारमिनार उभा राही. तिथल्या बाजारातल्या बांगड्यांच्या दुकानांचं वर्णन ते असं करायचे, की आजीचं काम हातात राहून जायचं.

आणि रूळ! या रुळाची गोष्टसुद्धा ऐकण्यासारखी आहे. मनमाडहून परभणीवरून सिकंदराबादकडं जाणारी ही लाईन निजामाच्या काळातली, १९०० च्या सुमाराची. पण ती होती मीटर गेज. म्हणजे दोन रुळांमधलं अंतर एक मीटर. मुंबईकडून मनमाडला येणारी लाईन ब्रॉडगेज, तिच्या दोन रुळांमध्ये १ मीटर ६७६ मिलिमीटर. आता सांगा, एका रुळावरची गाडी दुसऱ्यावर जाईल कशी? नाहीच जायची. मनमाडला उतरायचं, बोचकी डोक्यावर घ्यायची, पोरं काखेत घ्यायची आणि दुसऱ्या गाडीत जागा धरायची. १९९० च्या दशकात ही लाईन ब्रॉडगेज झाली, तेव्हा कुठं एकदा बसलं की थेट मुंबईला उतरता यायला लागलं. मुंबई इथून रेल्वेनं साधारण साडेपाचशे किलोमीटर. पण तिच्या आणि आमच्या मध्ये किती वर्षं हे ६७६ मिलिमीटर आडवे होते!

माणसं गेली नाहीत, पण आमचा कापूस गेला. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली निघाली आणि पुढं गिरण्यांवर ते शहर वाढलं, हे तुम्ही इतिहासात शिकता. गिरणीला कापूस लागतो आणि कापसाला काळी जमीन. परळ-लालबागला थोडाच कापूस पिकतो? आमच्याकडच्या काळ्या रानातून गाठोडी भरभरून तो बाहेर गेला. वर्गात मी हे सांगितलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "बाई, म्हंजी आमच्या रानानं मुंबई पाह्यली, आमी नाय!"

हे झालं गमतीचं. आता जी गोष्ट सांगायला मला अजूनही जड जातं ती सांगते.

कोरोनामुळं शाळा बंद होत्या ते तुमच्यातल्या थोरांना आठवत असेल. खेड्यातले पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरले ते १ डिसेंबर २०२१ ला. माझ्याकडं चौथीचा वर्ग होता. पहिल्याच आठवड्यात महाराष्ट्राचा नकाशा काढला आणि मुंबईवर पट्टी ठेवली. सात बेटं सांगितली: कुलाबा, छोटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. मधला समुद्र भरून काढून त्यांचं एक शहर कसं केलं ते सांगितलं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे धावली, तेही सांगितलं. वर्ग अगदी रंगला होता. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं,

"बाई, तुमी मुंबई पाह्यली का?"

आणि मी म्हणाले, "हो, पाहिलीय की."

का म्हणाले, कुणास ठाऊक. तोंडातून निघून गेलं. वीस-पंचवीस डोळे आपल्याकडं लागलेले असतात, तेव्हा 'नाही' म्हणायला जीभ रेटत नाही. पण तो पोरगा कसला ऐकतोय! त्यानं लगेच पुढचं विचारलं,

"मग समुद्र कसा वाजतो?"

मी समुद्रही पाहिलेला नाही. मी म्हणाले, "लांबून ढग गडगडावा, तसा."

त्या वर्गात एक नवी मुलगी होती. तिचं खरं नाव सांगत नाही, आपण तिला चिमणी म्हणू. तिचे वडील गवंडी, आई त्यांच्या हाताखाली बिगारी. तीन वर्षं ती मुंबईला होती आणि २०२० मध्ये सगळं बंद पडलं तेव्हा गावी परत आली. पोरांनी तिच्याकडं मोर्चा वळवला. "ए चिमणे, तू सांग. बाई म्हणत्यात तसाच वाजतो ना समुद्र?"

चिमणी उभी राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मी नाय पाह्यला समुद्र. आमी कल्याणला ऱ्हात होतो. समुद्र लांब हाय तिथून."

(आमच्याकडं कल्याणला गेलेला माणूससुद्धा मुंबईलाच गेलेला असतो, बरं का!)

नऊ-दहा वर्षांची मुलगी, तीन वर्षं तिकडं राहिलेली. तिनं सांगून टाकलं, नाही पाहिला. आणि मी? माझे कान गरम झाले. घंटा झाली म्हणून सुटले.

त्या रात्री झोप लागली नाही. आम्ही शिक्षक मुलांना सांगतो खोटं बोलू नये, आणि इथं मीच एक अख्खा समुद्र खोटा सांगितला होता. दुसऱ्या दिवशी हजेरी झाली, दिल्लीची गाडी गेली, पोरं जागेवर बसली. मी म्हणाले, "काल मी तुम्हाला खोटं सांगितलं. मी मुंबई पाहिलेली नाही. समुद्र कसा वाजतो ते मला माहीत नाही."

वर्ग चिडीचूप. मला वाटलं, गेली आपली किंमत. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "मग आपून समदे सारखेच हाव की!" आणि सगळी हसायला लागली. मीही हसले. पण तो मुलगा हसता हसता थांबला आणि त्यानं आणखी एक प्रश्न टाकला. या मुलाचे प्रश्न म्हणजे बाभळीचे काटे. "बाई, मग न पाहता शिकवलेलं चालतं का?"

चालतं का? तुम्हीच सांगा.

मी त्याला म्हणाले, उद्या सांगते. घरी येऊन पुस्तकं काढली, इकडंतिकडं वाचलं. आणि मला तीन माणसं सापडली.

पहिला जर्मन. आमच्याकडं म्हणच आहे ना, 'जगात जर्मनी, भारतात परभणी'! या तत्त्ववेत्त्याचं नाव इमॅन्युएल कांट. जन्म १७२४, मृत्यू १८०४. प्रशियातल्या क्योनिग्सबर्ग नावाच्या बंदराच्या गावात तो जन्मला, तिथंच शिकवलं आणि तिथंच वारला. आज ते गाव रशियात आहे, कालिनिनग्राद म्हणून. हा माणूस आपल्या मुलखाबाहेर कधी गेलाच नाही आणि तरी जवळजवळ चाळीस वर्षं विद्यापीठात भूगोल शिकवत होता! प्रवासवर्णनं वाचायची, व्यापाऱ्यांशी गप्पा मारायच्या आणि सगळं डोक्यात नीट लावून ठेवायचं. एकदा त्यानं लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलाचं इतकं बारीक वर्णन केलं की ऐकणाऱ्या एका इंग्रजानं विचारलं, "आपण लंडनला किती वर्षं होतात? आणि आपण बांधकामाच्या धंद्यातले का?" ही हकिकत त्याच्याच एका विद्यार्थ्यानं लिहून ठेवलीय. पण कांटचं सगळंच बरोबर होतं असं समजू नका. लांबच्या देशांतल्या लोकांविषयी त्यानं चुकीचं आणि वाईटही लिहिलंय. पुलाचं माप ऐकून कळतं, माणसांचं तसं कळत नाही.

दुसरा जेम्स मिल. यानं १८१७ मध्ये भारताचा मोठा इतिहास लिहिला. हा भारतात कधी आला नाही आणि आपली एकही भाषा त्याला येत नव्हती. आणि यात काही बिघडलं असं त्याला वाटलंच नाही! उलट प्रस्तावनेत त्यानं लिहिलं की घरात बसून वर्षभर नीट वाचणाऱ्याला भारताविषयी जे कळेल, ते तिथं जन्मभर राहणाऱ्यालाही कळणार नाही. पुस्तकात आपल्या लोकांना नावं ठेवली. पुढं इंग्लंडमधल्या हेलीबरीच्या कॉलेजात, जिथं कंपनी सरकारचे तरुण अधिकारी तयार होत, तिथं हे पुस्तक शिकवलं जायचं. म्हणजे न पाहणाऱ्यानं लिहिलं, न पाहिलेल्यांनी वाचलं आणि मग ते आपल्यावर राज्य करायला आले.

तिसरा तुमच्या ओळखीचा. ज्यूल व्हर्न! त्याची ऐंशी दिवसांत जगाला फेरी मारण्याची कादंबरी १८७३ साली आली. तिच्यातला साहेब मुंबईला उतरतो, रेल्वेनं कलकत्त्याला निघतो, आणि वाटेत बघतो तर काय, रूळच संपलेला! मग तो एक हत्ती विकत घेऊन त्यावर बसून पुढं जातो. व्हर्न भारतात आलेला नव्हता. खरं तर मुंबई-कलकत्ता रेल्वे १८७० मध्येच जोडली गेली होती. पण रूळ जोडलेला ठेवला असता तर हत्ती कुठून आणला असता?

हे तिघं वर्गात सांगितले. हत्ती सगळ्यांना आवडला. मागच्या बाकावरचा मुलगा मात्र मिलवर अडून बसला. म्हणाला, "त्याला कुणी इचारलं कामून नाय, की तुमी पाह्यलं का?"

त्या दिवसापासून आम्ही एक वही केली. दोनशे पानी, लांब आकाराची. वर लिहिलं, 'न पाहिलेल्या शहरांची वही'. डाव्या पानावर शहराविषयी जे कळलं ते, आणि ते कुणी सांगितलं त्याचं नाव. उजव्या पानावर प्रश्न. नियम एकच, 'कुणी सांगितलं' हा रकाना रिकामा ठेवायचा नाही. पुस्तकातलं असेल तर पुस्तकाचं नाव, आजीनं सांगितलं असेल तर आजीचं.

पहिली पानं चिमणीनं भरली. मुंबईचं म्हणजे कल्याणचं पान. लोकल दोन जातींच्या असतात, एक धीमी आणि एक फास्ट, आणि चुकून फास्टमध्ये बसलं तर आपलं स्टेशन खिडकीतून निघून जातं. (हे आमच्या पोरांना लगेच समजलं!) पाणी पहाटे येतं आणि हंड्यांची रांग आदल्या रात्रीच लागते. इमारतींना माणसांसारखी नावं असतात. ती स्वतः बांधकामाच्या जागी पत्र्याच्या खोलीत राहायची. एकदा वडिलांचा डबा द्यायला अकराव्या मजल्यावर गेली, लिफ्ट तेव्हा बसायची होती, पायऱ्यांनी चढली. वरून पाहिलं तर लांबपर्यंत दिवेच दिवे. "जून लागायच्या टायमाला आपल्या बांधावर काजवे असतात ना, तसे." मग मी विचारलं, नंतर परत गेलीस का त्या मजल्यावर? ती म्हणाली, "नाय. बिल्डिंग झाल्यावर वॉचमन आत सोडत नाय."

हे वाक्य तिनं स्वतःच्या हातानं वहीत लिहिलंय. मी शुद्धलेखन तपासलं, बाकी काही बदललं नाही.

मग पोरं गावभर फिरली. गावात मोठी शहरं पाहिलेली इतकी माणसं असतील असं मलाही वाटलं नव्हतं! एक ट्रकवाले काका आहेत. त्यांनी दिल्ली, कोलकाता, चेन्नई सगळं केलंय. पण मोठ्या गाड्यांना दिवसा शहरात बंदी असते, म्हणून रात्री आत जायचं, माल उतरवायचा आणि पहाटे बाहेर. काका म्हणाले, "म्या दिल्ली झोपलेली पाह्यली. जागी कशी असती ते ठाऊक नाय." कोलकात्याच्या हावडा पुलाला एकही नटबोल्ट नाही, असंही त्यांनी सांगितलं. पोरांना ते खोटं वाटलं, म्हणून आम्ही पुस्तकात पाहिलं. खरं निघालं! १९४३ साली वाहतुकीला खुला झालेला हा पोलादी पूल रिव्हेट ठोकून जोडलेला आहे.

एक निवृत्त फौजी आजोबा आहेत. ते २६ जानेवारीच्या संचलनात दिल्लीच्या राजपथावरून चालले होते. (त्या रस्त्याला २०२२ पासून कर्तव्यपथ म्हणतात.) पोरांनी डोळे मोठे करून विचारलं, काय काय दिसलं? आजोबा म्हणाले, "समोरच्याची मान." चालताना इकडंतिकडं बघायचं नसतं ना! पण थंडीत पहाटे उठून सराव कसा करायचे, हे त्यांनी तासभर सांगितलं.

आणि एका मुलाची पणजी. तिला विचारलं, आजी, देशातलं सगळ्यात मोठं शहर कोणतं? तिनं क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "पंढरपूर." का? तर आषाढीला तिथं जेवढी माणसं असतात तेवढी तिनं दुसरीकडं कुठं पाहिलेली नाहीत. वहीत तसंच लिहिलंय, पणजीच्या नावासकट.

उजवीकडच्या प्रश्नांची पानं तर वाचतच बसावीत अशी आहेत. दिल्लीत पोळा असतो का? चेन्नईत भाकरी मिळते का? कोलकात्यात ट्रामचे रूळ रस्त्यातच होते, मग म्हैस आडवी बसली तर गाडी किती वेळ थांबायची? मेट्रो जमिनीखालून जाते, तर तिला वरच्या विहिरीचं पाणी लागत नाही का? या शेवटच्या प्रश्नानं मलाच कामाला लावलं. बोगद्याला आतून काँक्रीटचं कडं बसवतात, म्हणून पाणी आत येत नाही. देशातली पहिली मेट्रो कोलकात्याचीच, १९८४ सालची, आणि तिथं २०२४ पासून एक मेट्रो चक्क हुगळी नदीच्या खालून धावते. विहिरीचं काय घेऊन बसलात! ट्रामचा इतिहास मिळाला, १८७३ पासूनचा. म्हशीचं उत्तर अजून मिळालेलं नाही. कोलकात्यात कुणाचे नातेवाईक असतील तर कळवा.

इथं शहरातल्या वाचकांना जरा चिमटा काढू का? २०११ च्या जनगणनेत आपल्या १२१ कोटी लोकांपैकी सुमारे ८३ कोटी खेड्यांत राहत होते. पण "तू मुंबई पाहिली नाहीस?" असं आमच्या पोरांना कुणीही तोंड वर करून विचारतं. मुंबईच्या मुलाला "तू परभणी पाहिली नाहीस?" असं कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. कापसाचं बोंड झाडाला लागलेलं पाहिलंस का? ज्वारीचा हुरडा शेतात बसून खाल्लास का? ते न पाहिल्याचं कुणाला काही वाटत नाही. आणि पालकांनो, सुट्टीत मुलांना जिथं न्यायचं तिथं जरूर न्या. पण आल्यावर 'काय काय पाहिलंस' याच्याबरोबर 'काय पाहायचं राहिलं' तेही विचारा. आमच्या ट्रकवाल्या काकांना मी हाच प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, "बाई, मला चेन्नईचा समुद्र दिवसा बघायचाय."

२०२२ ची दिवाळी झाली आणि चिमणीचे आईवडील पुन्हा कामाला कल्याणला गेले. चिमणी पाचवीत होती, तीही गेली. दाखला न्यायला आली तेव्हा वही उघडून आपलं पान बघून गेली. मी तिला म्हणाले, पोचल्यावर कळव. पोरं ओरडली, "समुद्र बघ!"

पुढं जानेवारीच्या शेवटी माझ्या मोबाइलवर तिच्या आईच्या नंबरावरून एक आवाजाचा संदेश आला. २६ जानेवारीला तिच्या वडिलांना सुट्टी होती. लोकलनं सगळे दादरला गेले आणि तिथून चालत चौपाटीवर. मी तो संदेश घरी ऐकला नाही. तसाच शाळेत नेला. मधल्या सुट्टीत पाचवीची पोरं जमली, टेबलावर मोबाइल ठेवला, सगळ्यांना गप्प केलं आणि लावला.

आधी खूप खरखर. मग कुणीतरी भेळवाला ओरडला. लहान मूल रडलं. मग चिमणीचा आवाज, "बाई, ऐका हां आता." आणि मग पुन्हा तीच खरखर, कमी-जास्त होणारी.

मागच्या बाकावरचा मुलगा टेबलाला कान लावून बसला होता. तो म्हणाला, "बाई, ह्यो तर वारा हाय."

मी म्हणाले, "लाटा असतील त्या."

"तुमाला काय ठाऊक?"

"मला नाही ठाऊक," मी म्हणाले. "पुन्हा लाव."

त्यानं पुन्हा लावलं. सगळी मिळून चार वेळा ऐकलं. वर्ग सरळ दोन भागांत फुटला, निम्मे म्हणाले वारा, निम्मे म्हणाले लाटा. शेवटी वही काढली आणि मुंबईच्या पानावर डावीकडं लिहिलं: 'समुद्र कसा वाजतो: खरखर, कमी-जास्त. कुणी सांगितलं: चिमणी.' उजवीकडं त्या मुलानं स्वतः लिहिलं: 'वारा किती आणि पाणी किती?'